बैसा

महिन्याचे पंचवीस रियाल.
त्यातून वॉशिंग मशीनची नाणी, फोनचा रिचार्ज
आणि मुदस्सिर सरांनी आणायलाच लावलेला पांढरा कोट वजा जाता
उरतात एकोणीस.
एकोणीस भागिले तीस.
दशांशचिन्हापुढे तीन तीन तीन, संपतच नाही,
म्हणून मी रोजचे सहाशे तेहेतीस बैसा धरते.
वरचा चतकोर देवाला.

बैसा हे नाणं, हे मला जन्मापासून ठाऊक, रुवीत वाढले मी.
सोलापूरला आत्याचे सासरे मात्र
दारात आलेल्याला अजून ‘बैसा’ म्हणतात.
बाबांनी एकदा खिशातून पन्नासाचं नाणं काढून
गंभीरपणे त्यांच्या तळहातावर ठेवलं होतं.
दोन वर्षं बोलले नाहीत ते आमच्याशी.

इथे खुब्जचं पाकीट शंभराला.
अंड्यांचा ट्रे शमसाच्या आणि माझ्यात.
ती तिच्या अंड्यांवर पेन्सिलीनं चंद्रकोर काढते,
बिनखुणेची माझी.
मजल्यावर हॉटप्लेट एक, तिच्यापुढे अकरा जणी,
म्हणून तूरडाळ भाताच्याच कुकरमध्ये.
शिट्टी नाही त्याला. झाकण नुसतं थरथरतं,
तोंडी परीक्षेच्या दाराबाहेर मी थरथरते तसं.
आईची शेंगाचटणी हॉर्लिक्सच्या बाटलीत.
वर्गात शिकवतात, मात्रा रोग्याच्या वजनावर ठरते.
चटणीची मात्रा मी उरलेल्या तारखांवर ठरवते.

गावाच्या नावातच केळी आहेत, बिरकत अल मौझ.
बागेतून पाट जातो, त्याला फलज म्हणतात.
ज्याचा अर्धा तास त्याला अर्धाच तास.
पूर्वी काठीच्या सावलीवर मोजायचे,
आता पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनगटावर कॅसिओ आहे.
तो दगड उचलतो, चिंध्या कोंबतो,
आणि पाणी कुरकुर न करता शेजारच्या बागेत वळतं.
बाबा रुसैलला पाण्याचा टँकर चालवतात.
त्यांचाही हिशेब डायरीच्या शेवटच्या पानांवर.
रोज रात्री फोन.
काय जेवलीस? डाळभात.
तुम्ही? डाळभात.
दोघंही जरा जास्तच पटकन सांगतो.

गुरुवारी वही मांडली तर सहाशे बैसा जास्त.
कमी भरले असते तर कारण सापडलं असतं,
कमीला नेहमीच काहीतरी कारण असतं.
जास्तीचं काय करायचं?
तीनदा बेरीज केली.
मग शमसा माझ्या पलंगावर मांडी घालून
आठवडा उलटा मोजत गेली. बुधवार. मंगळवार.
मंगळवारी कुठे होतीस तू?
लॅबमध्ये. टायट्रेशन जुळत नव्हतं.
दुपारी?
दुपारीही तेच.
रात्री?
झोपले.

शिल्लक नव्हतीच ती.
अख्खा मंगळवार होता, न जेवलेला,
पाकिटात घडी घालून ठेवलेला.

‘कुली,’ शमसा म्हणाली.
अरबीत हा बाईला केलेला जेवायचा हुकूम,
आमच्याकडे फलाटावरचा हमाल.
तिला ते समजावून सांगताना मी इतकी हसले
की पोट दुखलं,
आणि दुखलं तेव्हा कळलं किती रिकामं आहे.

फाटक बंद व्हायला वीस मिनिटं होती.
कुंजुमोन तवा पुसायलाच निघाला होता.
दोन पराठे, आत चीज, त्यावर चुरलेले चिप्स. चारशे.
दोन करक. दोनशे.
मी नोटा एकेक करून काचेवर ठेवल्या.
पाठ न वळवता त्यानं पायानं स्टूल पुढे सरकवलं:
बैठो.

बसले.
चटणीची बाटली बरोबर आणायला हवी होती.

परत आल्यावर वहीत लिहिलं,
मंगळवार: जेवले.
बेरीज लागली, पैचाही फरक नाही.
फक्त शमसाचा पराठा कोणत्या रकान्यात घालायचा
ते अजून ठरत नाही.
ती म्हणते, तिकडे एखादी चंद्रकोर काढ आणि झोप.